शेंडा छाटण्याआधी एवढं पाहा

पुण्याच्या वेशीवर राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी नर्सरीतून ‘पाइन’ म्हणून एक रोप आणलं आणि कंपाउंडच्या भिंतीपासून पाच फुटांवर लावलं. आज ते बावीस फुटांचं आहे. खालच्या फांद्या पिवळ्या पडून गळतात, आणि शेंडा विजेच्या तारांच्या जेमतेम तीन-चार फूट खाली येऊन ठेपलाय. यजमान म्हणतात, शेंडा उडवू. माळी म्हणतो, खालच्या फांद्याही काढू, म्हणजे झाड मोकळं होईल. शेजाऱ्यांच्या मते पाइनमुळे जमीन आंबट होते आणि बोअरचं पाणी आटतं, तेव्हा मुळासकट काढलेलं बरं. त्यातच गेल्या मे महिन्यात उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या सहलीत ताईंनी रस्त्याकडेच्या जंगलातून चिडाची, म्हणजे हिमालयातल्या एका पाइनची, सहा रोपं आणली. थंड प्रदेशातली म्हणून व्हरांड्यात सावलीला ठेवली, रोज पाणी घातलं. चार गेली, उरलेली दोन पिवळट पडलीत. ‘पुण्याच्या उन्हात पाइन जगतच नाही का? आणि मोठं झाड कसं वाचवू?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात ‘पाइन’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या झाडांसाठी आलाय, आणि निम्मा घोटाळा तिथेच आहे. अंगणातल्या मोठ्या झाडाची एक डहाळी हातात घ्या. दोरीसारखी लांब, चहूबाजूंनी बारीक टोकदार पानांनी मढलेली असेल, आणि फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यांनी फुटलेल्या असतील, तर ते पाइन नव्हे, अरोकेरिया आहे. आपल्याकडच्या नर्सरीत हेच झाड ख्रिसमस ट्री, पाइन, नॉरफोक पाइन अशा कुठल्याही नावाने मिळतं. त्याचं मूळ घर दक्षिण प्रशांत महासागरातली नॉरफोक आणि न्यू कॅलेडोनियाची बेटं. तिथे बर्फ पडत नाही. दमट हवा आणि समुद्राचा खारा वारा असतो. खऱ्या पाइनच्या सुया बुडाशी एकत्र बांधलेल्या असतात: चिडाच्या तीन-तीन, हिमालयातल्याच कैलच्या पाच-पाच. तुमची कुमाऊंची रोपं अजून लहान असतील तर त्यांना सुटी, आखूड, निळसर पानं दिसतील. ती बाळपानं. तीन सुयांचे झुबके पुढे येतात.

हा फरक नावापुरता नाही. दोघांची मुळं, पाण्याची गरज, छाटणीला मिळणारा प्रतिसाद, सगळंच वेगळं आहे.

आधी मोठ्या झाडाकडे वळू. फांद्या पिवळ्या पडतात म्हणजे झाड आजारी आहे, असं तुम्ही धरून चाललाय. तसं असेलच असं नाही. पिवळेपणा कुठून सुरू होतो ते पाहा. फक्त सगळ्यात खालचे एक-दोन मजले, तेही खोडाकडून बाहेर सुकत असतील आणि वरचा भाग हिरवागार असेल, तर कारण उजेडाची कमतरता किंवा नुसतं वय. भिंतीकडच्या बाजूला हे आधी होतं. सगळ्याच मजल्यांवर टोकं तपकिरी होत असतील, तर झाड तहानलेलं आहे. फक्त एकाच बाजूची पानं करपली असतील, तर त्या बाजूला पश्चिमेचं ऊन झेलणारी पांढरी भिंत, पेव्हर ब्लॉक किंवा कुणीतरी मारलेलं तणनाशक शोधा. आणि संपूर्ण झाड एकसारखं फिकट पडून शेंड्याची कोवळी वाढ मान टाकत असेल, तर मुळाशी पाणी साचतंय. काळजी करायची ती या शेवटच्या प्रकारात.

पाणी साचतंय का, हे घरी तपासता येतं. खोडापासून चारेक फुटांवर दीड फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभरही उतरलं नाही, तर खाली चिकण काळी माती किंवा सलग कातळ आहे. अशा ठिकाणी पाणी कमी करणं हाच उपाय. आळं खोडाला चिकटून करू नका. खोडाभोवती दीड फूट जागा कोरडी ठेवून, फांद्यांच्या टोकांखाली गोल चर करा आणि त्यात पाणी सोडा, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात. नऊ वर्षांच्या झाडाला हिवाळ्यात वेगळं पाणी लागत नाही. मार्च ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी ८० ते १०० लिटर, एकदाच आणि सावकाश, एवढं पुरतं. रोज बादलीभर ओतलं तर मुळं वरच्या वर राहतात. जून आणि ऑक्टोबरमध्ये दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड त्याच चरात मिसळा. युरिया नको.

माळीदादांना मात्र थांबवा. आंब्या-पेरूची खालची फांदी काढली तर नवी फूट येते. अरोकेरियाचा खालचा मजला एकदा गेला की त्या जागी पुन्हा फांद्या येत नाहीत. पूर्ण वाळलेली फांदी खोडालगतच्या फुगवट्याबाहेरून काढायला हरकत नाही. वाळली आहे की नाही याची शंका असेल तर नखाने साल जरा खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर कात्री लावू नका.

आता शेंड्याचं. तुमच्या यजमानांची काळजी रास्त आहे, उपाय तेवढा चुकीचा आहे. हे झाड जमिनीत वर्षाला दोन-अडीच फूट वाढतंय हे तुमच्याच आकड्यांवरून दिसतं, म्हणजे दुसऱ्या पावसाळ्याला ते तारांना भिडणार. पण अरोकेरियाची सगळी शिस्त त्या एका शेंड्याच्या हुकमावर चालते. शेंडा कापला की कापलेल्या जागेखालून दोन-तीन नवे शेंडे एकमेकांशी चढाओढ करत वर येतात. त्यांचा जोड खोडाशी कच्चा असतो, आणि एखाद्या वळवाच्या वादळात नेमका तोच फाटतो. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा छाटणी आलीच. जो आकार आवडला म्हणून तुम्ही झाड आणलंत, तो पहिल्या कापणीतच जातो.

मग पर्याय काय? पहिला, तारा बदलून घेणं. उघड्या तारांऐवजी एरियल बंच केबल, म्हणजे आवरण असलेली एकत्र गुंडाळलेली केबल, टाकता येईल का, याची महावितरणच्या स्थानिक कार्यालयात लेखी चौकशी करा. खर्च बहुधा तुमच्याकडेच येईल, पण झाड वाचवायचं असेल तर पहिला अर्ज हाच. दुसरा, झाड काढून योग्य जागी नवं लावणं. बावीस फुटांचं अरोकेरिया उचलून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नका. त्याला मुळं दुखावलेली सोसत नाहीत, आणि क्रेनचा खर्च करूनही बरीच झाडं वर्षभरात वाळतात. तिसरा, शेंडा कापून बेढब झाड सांभाळत राहणं.

आम्हाला विचाराल तर, तारा बदलून मिळत नसतील तर दुसरा पर्याय घ्या, आणि तो आत्ताच घ्या. ऐकायला कठोर वाटेल, नऊ वर्षांचं झाड आहे. पण मूळ बेटावर हे झाड दीडशे फुटांच्या वर जातं. आपल्याकडे तेवढं झालं नाही तरी चार मजली इमारतीला मागे टाकतं. भिंतीपासून पाच फुटांवर खोड जाड होऊ लागलं की पायाजवळची फरशी आणि भिंत उचलली जाणारच. तेव्हा चाळीस फुटी झाड तारांमधून उतरवण्यापेक्षा आज बावीस फुटी उतरवणं सोपं आणि सुरक्षित आहे.

महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी वृक्षसंरक्षण कायदा तसं सांगतो. अर्ज पालिकेच्या उद्यान विभागात करा, सोबत झाड आणि तारा एकाच चौकटीत दिसतील असा फोटो जोडा. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा आधी ग्रामपंचायतीत किंवा वनखात्याकडे विचारून घ्या. आणि तारा चालू असताना माळ्याला शिडी लावू देऊ नका. ओली फांदी तारेला टेकली की वीज वाहते. लाइन बंद करून घेतल्याशिवाय कात्रीसुद्धा उचलायची नाही.

नवं झाड लावायचं तर डोक्यावर मोकळं आकाश, घरापासून आणि भिंतीपासून निदान वीस फूट अंतर, आणि दिवसाचं सहा तास ऊन, एवढं पाहा. जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले की लावा. तीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घ्या. दोन घमेली निघालेली माती, एक घमेलं भरड वाळू किंवा मुरूम, एक घमेलं शेणखत या प्रमाणात भरा. रोपाचं खोड जिथे मातीतून वर येतं तो भाग जमिनीपेक्षा दोन इंच वरच राहू द्या. भरलेली माती पुढे बसते. रोप विकत घेताना कुंडीत डोकवा. भरगच्च दिसावं म्हणून नर्सरीवाले एका कुंडीत तीन-चार रोपं लावतात. ती जमिनीत गेली की एकमेकांना दाबतात आणि एकाचाही आकार धड होत नाही. एकच खोड असलेलं, सरळ शेंड्याचं, दोन-तीन फुटी रोप निवडा. फांदीच्या कलमापासून केलेलं घेऊ नका. ते आयुष्यभर फांदीसारखं आडवं वाढतं, उभं राहतच नाही.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. नर्सरीत नॉरफोक म्हणून मिळणारी बरीच झाडं प्रत्यक्षात त्याचा भाऊ कुक पाइन असतात. हे झाड विषुववृत्ताच्या दिशेने कलतं, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतली झाडं मोजली, तेव्हा सरासरी कल आठ अंशांहून थोडा जास्त निघाला. तेव्हा तुमचं झाड थोडं दक्षिणेकडे झुकलेलं दिसलं आणि बुडाशी जमीन उचललेली नसेल, तर त्याला दोरखंड बांधून ताणू नका.

शेजाऱ्यांच्या शंकांना उत्तर द्यायला हवं. अरोकेरियाचीच काय, खऱ्या पाइनचीही ताजी पानं आंबट असतात, पण कुजेपर्यंत तो आंबटपणा बहुतेक निघून जातो. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीचा सामू (पीएच; सातच्या खाली गेला की माती आंबट) साधारण साडेसात ते साडेआठ असतो आणि तिच्यात चुनखडी भरपूर. एक झाड तिला आंबट करू शकेल हे अशक्यच. खात्री करायची तर वाळलेली चमचाभर माती बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. फसफसली तर तिच्यात चुना आहे. पाइनखाली गवत उगवत नाही हे खरं, पण त्याचं कारण दाट सावली, सुयांचा जाड थर आणि वरच्या थरातलं पाणी झाडानेच ओढून घेतलेलं असणं, हे आहे. बोअरचं म्हणाल तर झाडाची पाणी ओढणारी मुळं वरच्या काही फुटांत असतात. दोन-तीनशे फुटांवरच्या झऱ्याशी त्यांचा संबंध नाही. चिडामुळे झरे आटतात का, हा वाद कुमाऊं-गढवालमध्ये आहे, पण तो डोंगरच्या डोंगर व्यापलेल्या जंगलांबद्दलचा आहे. अंगणातल्या एका झाडाला तो लावू नका.

आता ती दोन रोपं. तुमचा समज असा की ती थंडीतली, म्हणून सावली आणि रोज पाणी. प्रेमाने केलंत, पण चिडाला नेमकं हेच मारतं. चीड हा हिमालयातला त्यातल्या त्यात गरम भागातला पाइन. तो पाचशे मीटरच्या आसपास सुरू होतो, म्हणजे जवळपास पुण्याच्याच उंचीवर. शिवालिकच्या पायथ्याशी मे महिन्यात पारा चाळिशीला जातो, तिथेही तो उभा असतो, तोही उघड्या, खडकाळ, कोरड्या उतारावर. ऊन त्याला हवंच असतं. पुण्यात त्याला नडतात त्या गोष्टी तीन: पाणी न निचरणारी माती, चुनखडी आणि बुरशीचा अभाव.

बुरशी म्हटल्यावर दचकू नका. पाइनच्या बारीक मुळांवर एका प्रकारच्या उपकारक बुरशीचं पांढरं आवरण असतं. ती मातीतलं स्फुरद आणि पाणी मुळांपर्यंत पोचवते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. तिच्याशिवाय पाइन पिवळा पडतो आणि खुंटतो. पोर्तो रिको बेटावर पाइन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत होते. १९५० च्या दशकात पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांना दिली, तेव्हा कुठे ती तरली. कृषी सेवा केंद्रात ‘मायकोरायझा’ म्हणून मिळणारी पावडर बहुतेक वेळा व्हॅम प्रकारची, म्हणजे मुळांच्या आत शिरून वाढणाऱ्या बुरशीची असते. ती अरोकेरियाला चालते, चिडाला अजिबात उपयोगी नाही. चिडाची बुरशी वेगळ्या गटातली, कुत्र्याच्या छत्रीच्या कुळातली. ती तुमच्याकडे आहे तरी कुठे? कुमाऊंहून रोपांच्या मुळांबरोबर जी माती आली, तिच्यात. म्हणून त्या मुळांवरची माती धुऊ नका, झटकू नका. मेलेल्या चार रोपांची माती अजून असेल तर तीही ठेवा. मात्र एखादं रोप बुडाशी काळं, मऊ पडून गेलं असेल तर त्याची माती फेकून द्या, त्यात मर रोग असतो.

सध्या फेब्रुवारी आहे, कुंडी बदलायला हीच वेळ. नवी फूट लांबायच्या आत करा. प्लास्टिकची नको, बारा इंची मातीची कुंडी घ्या, तळाला बोट जाईल एवढं भोक हवं. मिश्रण असं: पाच भाग भरड, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढ्या खड्यांचा मुरूम किंवा विटांचा चुरा, तीन भाग लाल माती, दोन भाग कुजलेल्या पाल्याचं खत. मुरूम चाळून धूळ काढून टाका, नाहीतर तीच ओली होऊन सिमेंटसारखी बसते. शेणखत पहिल्या वर्षी नको. जुन्या पिशवीतला मुळांचा गोळा अख्खाच उचलून मधे ठेवा. मुळांवर कापसाच्या धाग्यासारखे पांढरे तंतू दिसले आणि पावसाळी रानातल्या अळंब्यांसारखा वास आला, तर तुमचं अर्धं काम झालंय.

मग दहा दिवस हलक्या सावलीत, पुढचे दहा दिवस सकाळचं ऊन, त्यानंतर पूर्ण उघड्यावर. एकदम उन्हात ठेवलं तर व्हरांड्यात वाढलेल्या कोवळ्या सुया करपतील. पहिल्या दोन उन्हाळ्यांत कुंडीवर मात्र दुपारचं ऊन पडू देऊ नका: मोठ्या कुंडीत छोटी कुंडी ठेवून मधल्या फटीत वाळू भरा. पाणी तारीख पाहून घालू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. बोअरचं पाणी जड असेल तर आठवड्यातून एकदा तरी पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं द्या, पण आरओमधून वाया जाणारं नको, त्यात क्षार आणखी दाट असतात.

नवी पानं पिवळी आणि जुनी हिरवी, असं दिसलं तर लोहाची कमतरता समजा. चुन्याच्या मातीत साधं फेरस सल्फेट लगेच निरुपयोगी होतं. ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं चिलेटेड लोह मागा. ‘ईडीटीए’वालं अशा मातीत टिकत नाही. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, मुळाशी. उलट आतली जुनी पानं तेवढी पिवळी पडून उन्हाळ्याच्या तोंडाशी गळत असतील, तर काहीच करू नका. चीड जुन्या सुया दरवर्षी टाकतोच. डोंगरात त्यांना पिरूल म्हणतात आणि वणव्यांना तोच पेटता माल पुरवतो. म्हणून अंगणातही वाळक्या सुयांचा ढीग घराला लागून राहू देऊ नका. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड आली, म्हणजे सुया धुळकट, ठिपकेदार दिसल्या, तर आधी दोन दिवस संध्याकाळी पाण्याचा जोरकस फवारा मारा. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून. आधी एकाच फांदीवर मारून चार दिवस पाहा, कारण भर उन्हात तेलाने सुया भाजतात.

मोठेपणी याचंही झाड पन्नास-शंभर फुटांचं होतं, हे विसरू नका. जागा असेल तर एकच रोप जमिनीत लावा: पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, खड्ड्यात नव्हे तर मुरमाचा दीड फूट उंच, सहा फूट रुंद उंचवटा करून त्यावर. दुसरं कुंडीतच ठेवा. कुंडीतल्या पाइनला आकार देण्याची रीत सोपी आहे. वसंतात फांद्यांच्या टोकांना मेणबत्तीसारखे फिकट कोंब उभे राहतात. सुया उलगडायच्या आत ते निम्मे बोटांनी मोडा, कात्री नको. मोडलेल्या जागेखाली नवे डोळे तयार होतात आणि झाड दाट होतं. पानं नसलेल्या जुन्या लाकडात मात्र छाटू नका.

आणि एक सांगायलाच हवं. राखीव जंगलातून रोप उपटून आणणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बसत नाही. शिवाय उपटताना सोटमूळ तुटतं आणि वाटेत बुरशी वाळते. तुमची चार रोपं कदाचित प्रवासातच अर्धी मेली असतील. ज्या वाचकांना चीड हवाच आहे, त्यांनी बी घ्यावं. चोवीस तास भिजवून, दिवाळीनंतर, भरड वाळू मिसळलेल्या मातीत सेंटिमीटरभर खोल टाकावं, वर वाळूचा पातळ थर द्यावा. दोन-तीन आठवड्यांत उगवतं. उगवल्यावर पाणी वरून न घालता कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून द्यावं, नाहीतर कोवळे कोंब बुडातून कोलमडतात.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाचकांनी चिडाचा नाद सोडून अरोकेरिया लावावा. खारा वारा त्याला मानवतो, तिथली जांभ्याची माती आणि तिचा निचराही. अमेरिकेत न्यूजर्सी-बोस्टनकडे राहणाऱ्यांच्या परसात पाच सुयांचा पांढरा पाइन असतो. ऑक्टोबरात त्याच्या आतल्या सुया पिवळ्या होऊन झडतात, ते नैसर्गिक आहे. टोकाकडच्या सुया हिवाळ्यानंतर रस्त्याच्याच बाजूने तपकिरी झाल्या असतील, तर बर्फावर टाकलेल्या मिठाचा तो परिणाम असतो. वसंतात मुळाशी भरपूर पाणी देऊन मीठ धुऊन काढा.

ताई, कुंडीचं काम या आठवड्यातच उरका, आणि त्याच दिवशी महावितरणचा अर्जही देऊन या. पावसाळ्यापूर्वीची त्यांची फांद्या छाटण्याची मोहीम सुरू झाली की कुणीतरी न विचारता शेंडा उतरवून जाईल.